धुराची वही

मराठी माणसाला इतिहास म्हटला की प्रथम बखर आठवते. बखरीत एक नायक असतो, एक खलनायक असतो, आणि सारे बरेवाईट त्या दोघांच्या खाती जमा होते. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी रुमाल सोडून पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, बखर जे सांगत नाही ते जमाखर्चाची साधी वही सांगून जाते. किती दाणा आला, कोणाची थकबाकी राहिली, कोणाला सूट मिळाली, ह्या कोरड्या नोंदींतून राज्य कसे चालत होते ते कळते. आज मला वाचकांपुढे एका अशाच वहीचा इतिहास मांडायचा आहे. ती वही धान्याची नाही, धुराची आहे.

ह्या विषयाकडे मी कसा वळलो तेही सांगितले पाहिजे. माझी नोकरीची वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात गेली, आणि त्यांतली निम्मी तरी 'कन्सेंट'च्या फायली सांभाळण्यात गेली. कारखाना उभारण्यापूर्वी एक संमतीपत्र, तो चालविण्यासाठी दुसरे. त्यातल्या अटी, अटींचे अहवाल, अहवालांवरचे शेरे, शेऱ्यांना उत्तरे. आमच्याकडे नव्याने लागलेले तरुण ह्या कामाला हसत. "काका, कागदाने कधी हवा स्वच्छ होते का?" असे एकाने मला विचारले होते. प्रश्न खोचक होता, पण खरा होता. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी त्याचे उत्तर शोधू लागलो, आणि शोधता शोधता अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस ह्या शहराच्या दारात येऊन उभा राहिलो.

ह्या शहराची जागाच मुळी धुराला धार्जिणी. एका बाजूला पॅसिफिक महासागर आणि बाकीच्या बाजूंना डोंगर. समुद्रावरची गार हवा खाली येऊन बसते, तिच्यावर उष्ण हवेचा थर पसरतो, आणि एखाद्या पातेल्यावर झाकण ठेवावे तसे ते खोरे झाकले जाते. १५४२ साली काब्रियो नावाचा दर्यावर्दी ह्या किनाऱ्याने गेला. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या विस्तवांचा धूर वर जाऊन विरण्याऐवजी तसाच तरंगताना पाहून तिथल्या उपसागराला 'धुरांचा उपसागर' असे नाव पडले, असे सांगतात. तेव्हा तेथे एकही कारखाना नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे चारशे वर्षांनी, म्हणजे १९४३ च्या जुलै महिन्यात, ऐन महायुद्धात, एके दिवशी शहरावर असे काही उतरले की रस्त्यावरच्या माणसांचे डोळे झोंबू लागले, घसे धरले, आणि चार घरांपलीकडचे दिसेनासे झाले. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही कित्येकांना आली. लोकांना ताबडतोब गुन्हेगार हवा होता, आणि तो सापडलाही. आलिसो स्ट्रीटवर कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडीन तयार करणारा कारखाना नुकताच सुरू झाला होता. झाले! ओरड झाली, कारखाना काही काळ बंद पडला, आणि चार महिन्यांत हे संकट समूळ नाहीसे होईल असे आश्वासन नगराध्यक्ष फ्लेचर बाउरन ह्यांनी देऊन टाकले. कारखाना बंद असतानाही डोळे झोंबतच राहिले. बखरीचा पहिला अध्याय असा फसला.

युद्ध संपल्यावर 'लॉस एंजेलिस टाइम्स' ह्या वृत्तपत्राने सेंट लुइस शहराहून रेमंड टकर ह्यांना पाचारण केले. सेंट लुइसमध्ये १९३९ च्या नोव्हेंबरात कोळशाच्या धुराने भरदिवसा अंधार केला होता, आणि त्यानंतर टकर ह्यांनी तेथे धुरावर कडक नियम बसवून दाखविले होते. १९४७ च्या जानेवारीत त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातली कळीची सूचना रासायनिक नव्हती, कारभाराची होती. लॉस एंजेलिस परगण्यात चाळीसहून अधिक स्वतंत्र नगरपालिका होत्या. एकीने धूर बंद करावा आणि शेजारणीने सोडावा, असा तो प्रकार. हवेला नगरपालिकेची हद्द कळत नाही. तेव्हा सबंध परगण्याला मिळून एकच अधिकारी यंत्रणा हवी, असे टकर म्हणाले. तेलकंपन्यांनी आधी विरोध केला, मग माघार घेतली. गव्हर्नर अर्ल वॉरन ह्यांनी जूनमध्ये कायद्यावर सही केली, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात परगण्याचा वायुप्रदूषण नियंत्रण विभाग स्थापन झाला. त्या देशातला ह्या धर्तीचा तो पहिलाच. लुइस मकेब हे त्याचे पहिले संचालक.

आता ह्या विभागाने आपली वही कशी मांडली ते पाहू. कारण खरी गोम तेथेच आहे.

पहिली गोष्ट परवान्याची. हवेत काही सोडणारे कोणतेही यंत्र बसविण्यापूर्वी बांधणीची परवानगी घ्यावयाची, आणि बसविल्यावर ते नीट चालते हे दाखवून चालविण्याची परवानगी घ्यावयाची. माझ्या फायलींतली दोन संमतीपत्रे मला येथे ओळखीच्या माणसासारखी भेटली! ह्याचे महत्त्व सामान्य वाचकाला चटकन जाणवणार नाही. जुन्या कायद्यात उपद्रव झाल्यावर शेजाऱ्याने तक्रार करावयाची, आणि ह्याच धुरांड्याचा धूर माझ्या घरात आला हे त्यानेच सिद्ध करावयाचे. परवान्याच्या पद्धतीत ओझे उलटले. धूर सोडणाऱ्यानेच आधी येऊन सांगावयाचे की, माझे यंत्र असे आहे, त्यातून एवढे निघेल, आणि ते अडविण्याची तजवीज मी अशी केली आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. धूर काळा आहे, हे म्हणायला सोपे. पण किती काळा? ह्यावर रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधी युक्ती काढली होती. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढायच्या. पहिल्या जाळीत एक पंचमांश कागद काळा, दुसरीत दोन पंचमांश, अशा चढत्या क्रमाने. तो तक्ता लांब धरला म्हणजे रेघा एकजीव होऊन करड्या छटा दिसतात, आणि धुरांड्याचा धूर त्यांच्याशी ताडून पाहता येतो. दुसऱ्या छटेहून काळा धूर तासाभरात एकूण तीन मिनिटांपेक्षा जास्त सोडावयाचा नाही, असा कॅलिफोर्नियाचा नियम झाला. तीन मिनिटांची ती सवलत मला फार शहाणपणाची वाटते. भट्टी पेटविताना थोडा धूर होणारच, हे ज्याने भट्टी पाहिली आहे त्याला कळते. नियम करणाऱ्याने भट्टी पाहिलेली असावी, हे नियम पाळला जाण्यासाठी फार आवश्यक असते.

तिसरी गोष्ट दाद मागण्याची. परवाना नाकारला गेला, किंवा नियम पाळण्यास मुदत हवी असली, तर वकील आणि अभियंता मिळून बसलेल्या तीन जणांच्या मंडळापुढे उघड सुनावणी होई. यंत्र मागविले आहे, अजून आलेले नाही, तोवर मुभा द्या, अशी विनंती तेथे करता येई. पण ती मुभा तारखेसह नोंदली जाई. मुभेला तारीख असणे आणि नसणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे कोणत्याही कचेरीत ज्याने आयुष्य काढले त्याला सांगावयास नको.

ह्या वहीच्या बळावर विभागाने काम सुरू केले. निरीक्षक गाड्यांतून हिंडू लागले. उघडे उकिरडे जाळणे बंद झाले, ओतकाम करणाऱ्या भट्ट्यांना धूळ पकडणारी यंत्रे बसली. त्या वेळी संशय होता गंधकाच्या वायूवर, कारण लंडन आणि पिट्सबर्ग ह्यांचा अनुभव तसा होता. तेव्हा तेलशुद्धीच्या कारखान्यांना गंधक अडविण्यास भाग पाडले गेले. अडविलेल्या गंधकाला गिऱ्हाईकही मिळाले. नियम पाळले जात होते. आणि डोळे? ते झोंबतच होते!

येथे ह्या कथेत एक विलक्षण माणूस येतो. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे. पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते वनस्पतींतील सुगंधी द्रव्यांचे रसायन शिकवीत. अननसाचा वास कशाने येतो ह्याचे त्यांनी संशोधन केले होते. त्यांनी विचार केला की, ज्या रीतीने अननसाचा वास पकडला त्याच रीतीने ही हवाही पकडून पाहावी. हजारो घनफूट हवा गोठवणीच्या नळ्यांतून ओढून त्यांनी तिचा अर्क काढला. तो निघाला काही थेंब, तपकिरी आणि उग्र. पुढे १९५० ते १९५२ ह्या काळात त्यांनी दाखवून दिले की, पेट्रोलची वाफ आणि ज्वलनातून येणारी नत्राची ऑक्साइडे ह्यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की हवेतच ओझोन तयार होतो. पालकाच्या पानांवर डाग पडत होते ते त्यामुळे, आणि मोटारींच्या टायरांना अकाली भेगा पडत होत्या त्याही त्यामुळेच. ताणून वाकविलेल्या रबराच्या पट्टीला किती मिनिटांत भेग पडते, त्यावरून ओझोन मोजण्याची रीतही निघाली.

म्हणजे शत्रू कोणत्याही एका धुरांड्यातून बाहेर पडत नव्हता. तो आकाशात जन्म घेत होता, आणि त्याचा कच्चा माल तेलाच्या टाक्यांतून, पंपांवरून आणि प्रत्येक नागरिकाच्या मोटारीतून जात होता.

हे कोणाला रुचणार? तेलधंद्याच्या पैशाने चाललेल्या एका संशोधनसंस्थेने ह्या सिद्धांतावर शंका घेतली. मोटारींबद्दल म्हणाल तर, परगण्याचे एक निर्वाचित पर्यवेक्षक केनेथ हान ह्यांनी १९५३ पासून डेट्रॉइटच्या कारखानदारांना पत्रे लिहिली. त्यांना उत्तर आले की, मोटारीतून निघणाऱ्या वाफा हवेत लवकरच विरून जातात, चिंतेचे कारण नाही.

माझ्या मते ह्या इतिहासाचे मर्म ह्याच ठिकाणी आहे, आणि तेथपर्यंत आणण्यासाठीच मी वाचकांना एवढे चालविले. हागेन-स्मिट ह्यांचा सिद्धांत प्रयोगशाळेत खरा ठरला असेल. पण शहराच्या बाबतीत तो खरा मानावयाचा तर दुसऱ्या बाजूचा पुरावा हवा होता. मोटारवाला म्हणणार, दोष कारखान्याचा. त्याला उत्तर देण्यासाठी कारखान्यांनी काय काय केले ह्याचा विश्वासार्ह हिशेब लागतो. तो हिशेब परगण्याच्या वहीत होता. कोणत्या भट्टीला कधी यंत्र बसले, कोणत्या टाकीला तरंगते झाकण लागले, कोणाची मुभा कोणत्या तारखेला संपली, हे सारे तेथे नोंदलेले होते. १९५८ मध्ये गंधकयुक्त जळणावर निर्बंध आला, १९६६ मध्ये रंग आणि द्रावके ह्यांवरचा प्रसिद्ध सहासष्ट क्रमांकाचा नियम आला. तरी आकाश पूर्ण निवळले नाही. तेव्हा विभाग ठणकावून सांगू शकला की, आमच्या हाती होते ते आम्ही आटोक्यात आणले आहे, उरले आहे ते मोटारीचे. नियमपालनाच्या नोंदींनी हवा किती स्वच्छ केली हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. त्यांनी एकेक संशयित वगळीत खऱ्या आरोपीपर्यंत बोट नेले. त्या नोंदी खोट्या असत्या, तर सत्य सांगण्याची सोयच उरली नसती.

ह्याचा अर्थ विभागाचे सारे गोड होते असा नाही. त्या काळी तेथल्या घरोघरी परसात कचरा जाळण्याची छोटी भट्टी असे. अशा भट्ट्यांची संख्या सबंध परगण्यात पंधरा लाखांच्या आसपास होती. १९५७ च्या ऑक्टोबरपासून त्यांवर बंदी आली. बंदी योग्यच होती. पण क्रम पाहा. सामान्य गृहस्थाची भट्टी १९५७ मध्ये विझली, आणि मोटारीच्या धुराड्यावर पहिले यंत्र बसायला १९६६ सालच्या गाड्या याव्या लागल्या. जो हाताशी सापडतो त्याला नियम आधी लागतो, हा अनुभव काही एकट्या अमेरिकेचा नाही. शिवाय भट्टी विझविल्यावर कचऱ्याचे काय करावयाचे, हा गृहिणींचा प्रश्न उरलाच. नगरपालिकेने डबे निराळे, कागद निराळे असे वेगवेगळे ठेवावयास सांगितले. लोक इतके कातावले की, हा जाच बंद करतो असे वचन देऊन सॅम योर्टी १९६१ ची नगराध्यक्षपदाची निवडणूक जिंकून गेले!

मधल्या काळात संकटाने कळस गाठला होता. १९५४ च्या ऑक्टोबरात धुरक्याचा असा वेढा पडला की लोक मुखवटे घालून निदर्शने करू लागले. १९५५ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात ओझोनचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ०.६८ भाग इतके मोजले गेले. आपल्या देशात २००९ साली ठरलेली तासाभराची मर्यादा ह्या मापात सुमारे ०.०९ येते, म्हणजे त्या दिवशी तेथील माणसे तिच्या सातपटीहून अधिक ओझोन श्वासाबरोबर आत घेत होती. त्याच वर्षी विभागाने तीन पायऱ्यांची इशारापद्धती सुरू केली. १९५८ मध्ये 'स्टॅम्प आउट स्मॉग' नावाने स्त्रियांची एक संघटना उभी राहिली आणि तिने सभा-सुनावण्यांत अधिकाऱ्यांना स्वस्थ बसू दिले नाही. वही अधिकाऱ्याने ठेवावयाची. पण ती उघडून दाखवा असे म्हणणारा नागरिक दारात असला, तरच तो ती नीट ठेवतो.

मोटारींचे प्रकरण परगण्याच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून ते राज्याकडे गेले. १९६० च्या कायद्याने कॅलिफोर्नियात एक स्वतंत्र मंडळ नेमले. त्यात एक मार्मिक तरतूद होती: धूर आवरणारी दोन यंत्रे मंडळाने मान्य केली की पुढे नव्या गाड्यांना ती सक्तीची व्हावयाची. मोटार कारखानदार सांगत राहिले की असे यंत्र इतक्यात शक्य नाही. १९६४ च्या जूनमध्ये मंडळाने बाहेरच्या उत्पादकांची चार यंत्रे मान्य केली. आणि काय आश्चर्य! ऑगस्टमध्ये कारखानदारांनी जाहीर केले की, १९६६ च्या गाड्यांना आम्ही आमचीच व्यवस्था बसवितो. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने ह्या कारखानदारांवर अशी यंत्रे येऊ न देण्यासाठी संगनमत केल्याचा दावा लावला; तो त्याच वर्षी तडजोडीच्या हुकुमाने मिटला.

१९६७ मध्ये राज्याचे हवा-साधन मंडळ स्थापन झाले, आणि अननसाचा वास शोधणारे हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७७ मध्ये चार परगण्यांच्या एकत्रित यंत्रणेने जुन्या विभागाची जागा घेतली. ती आजही काम करते. त्या खोऱ्यात आज मोटारी आणि माणसे १९५५ च्या मानाने कितीतरी अधिक आहेत, तरी ओझोनचा उच्चांक तेव्हाच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला आहे. तरीदेखील त्यांच्या देशाची ओझोनची मर्यादा त्या खोऱ्याला गाठता आलेली नाही. ऐंशी वर्षांच्या श्रमाचा हा जमाखर्च आहे. त्यात फुशारकी नाही आणि निराशाही नाही.

आपल्या घरच्या वहीकडे वळू. मुंबईने धुराचा कायदा १९१२ सालीच केला होता. पण गिरण्यांची धुरांडी शांत व्हायला केवळ कायदा पुरला नाही. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज आली, आणि कोळशाऐवजी दुसरे काही वापरणे गिरणीमालकाला शक्य झाले, ह्याचाही त्यात मोठा वाटा होता. पुढे १९७० मध्ये महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ झाले, आणि १९८१ च्या केंद्रीय कायद्याने हवेसाठीही संमतीपत्राची पद्धत आली. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या जळणाकडे वळण्याचा आदेश दिला. ज्या भट्टीतून मुंबईकराला रोज सकाळी पाव मिळतो तिचा धूर वाईट नाही असे कोण म्हणेल? त्याच वेळी न्यायालयाने वाहनांच्या धुराचाही विचार आरंभिला, हे चांगलेच झाले. परंतु लॉस एंजेलिसची वही वाचलेला माणूस दोन प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही. पाववाल्याला गॅसची नळी कोण आणि कधी देणार? आणि जो रस्त्यावरून धूर सोडीत जातो, बांधकामाची धूळ उडवितो, त्याच्या मुदतीची तारीख कोणत्या पानावर लिहिली आहे?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. कागदाने हवा स्वच्छ होत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. ती भट्टीला बसविलेल्या यंत्राने होते, बदललेल्या जळणाने होते, कधी वाऱ्याने होते. पण यंत्र बसले की नाही, बसले असल्यास चालते की नाही, आणि चालूनही आकाश काळे का राहते, हे प्रश्न विचारण्यासाठी आपल्याजवळ दुसरे साधन नाही. चिमणीवर चढून घेतलेला नमुना आणि कचेरीत बसून भरलेला आकडा वहीत सारखेच दिसतात. त्यांतला फरक फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. ते काम ज्याच्याकडे आले आहे त्याने नमुना घ्यायला चिमणीवर जावे, आणि मोजमापात जो आकडा येईल तो साहेबांना न आवडला तरी तसाच लिहावा.